माप चुकलेली पुली

मला ओळखणारी माणसं आता दोनच उरली आहेत. त्यांतल्या एकीला मी सुताचं रीळ वाटत होते आणि दुसऱ्याला मी खरी कोण हे कळायला चार वर्षं लागली.

मित्रांनो, मी एक जुनी पुली आहे. जुनी म्हणजे काही फार वयाची नाही, पाच वर्षांची असेन. अंगाने हलकी, ॲल्युमिनियमची, तळहातावर मावणारी. पण पुलीचं आयुष्य वर्षांवर मोजत नाहीत, ती किती फिरली यावर मोजतात. मी फिरले ती जेमतेम पंचवीस दिवस. बाकीचा सगळा काळ मी लोकरीच्या सुताखाली अंधारात काढला. त्या अंधारात माझ्यावर एक आळ होता आणि तो आळ माझ्या जन्मदात्याने स्वतःहून ओढवून घेतला होता. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या जातीच्या पुलीला आयडलर म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ रिकामटेकडी असा काहीतरी होतो म्हणे. ज्याने हे नाव ठेवलं त्याने एकदा माझ्या जागी उभं राहून बघायला हवं होतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोटारीच्या इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. साधी मोटार हवा आपली आपण ओढून घेते. पण काही हौशी लोक इंजिनाशेजारी सुपरचार्जर बसवतात. तो इंजिनात हवा अक्षरशः कोंबतो आणि मग मोटार उधळलेल्या खोंडासारखी पळते. हा सुपरचार्जर फिरवायला एक रबरी पट्टा असतो. इंजिनाच्या मोठ्या पुलीवरून निघायचं, सुपरचार्जरच्या छोट्या पुलीला वळसा घालायचा आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. पट्टा छोट्या पुलीला धरून राहिला तर सगळं छान. तो घसरला तर सुपरचार्जर थंडावतो, हवा कमी पडते आणि मोटारीचा जीव गेल्यासारखं होतं. पट्टा घसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर मला दाबून बसवलेलं असतं. मी काही ओढत नाही, ढकलत नाही, फक्त त्याला जागेवर ठेवते.

माझा जन्म लासुर्ण्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शेड बिरदेवआबांची. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली लोकर कातायची टकळी. शेतकरी पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, कडबा कापायच्या कुट्टी मशीनचे दांडे घेऊन यायचे आणि आबा ते नव्याने घडवून द्यायचे. आबांनी घेतलेलं माप ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, असं गावात म्हणायचे. आबा चारचौघांत फारसं बोलत नसत. लेथ चालू असली की मात्र स्वतःशी पुटपुटायचे. यंत्राच्या आवाजात आपलं कोण ऐकतंय, असं त्यांना वाटत असावं. मी तर लेथच्या पकडीत, चकमध्येच, अडकवलेली होते. मी सगळं ऐकलं.

आबा धनगर. बापजाद्यांचा मेंढरांचा वाडा होता. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचं. निघताना घरच्या बाईने मेंढरांवर, बिऱ्हाडाच्या घोड्यावर, अगदी कुत्र्यावरसुद्धा भंडारा उधळायचा, म्हणजे बिरोबाच्या नावाची हळद. त्याशिवाय वाडा हलत नसे. आबांचा मुलगा रविराज ज्या साली जन्मला त्या साली नेमकं निघायच्या वेळी घराला सोयर होतं. सोयरात भंडाऱ्याला हात लावत नाहीत. चारा तर संपलेला. वाडा तसाच हलला आणि तिसऱ्या दिवशी पुणे-सोलापूर रस्त्यावर एक ट्रक कळपात घुसला. एकेचाळीस मेंढरं गेली. लोकांनी ट्रकवाल्याला शिव्या घातल्या, पण बोल लावला तो आबांच्या बायकोला, बानूबाईला. तिचं बाळंतपण आडवं आलं, असं म्हणाले. ओल्या बाळंतिणीच्या तोंडावर कुणी बोललं नसेल, पण पाठीमागचं बोलणं पोचायला कितीसा वेळ लागतो.

उरलेली मेंढरं पाहुण्यांच्या वाड्यात गेली. आबा इंदापुरात लेथ शिकले आणि त्यांनी ही शेड टाकली. पण बानूबाईच्या मनातून ते एकेचाळीसांचं ओझं उतरलं नाही. तेव्हापासून घरातून कुणीही, कशावरही बसून निघालं की ती भंडाऱ्याची पिशवी घेऊन दारात उभी. सायकल असो की एसटी, चिमूट पडल्याशिवाय सुटका नाही. आता तरी माझ्या हातून राहून जायला नको, एवढंच तिला हवं असे. रविराजला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या जन्माला असलं काही चिकटलंय हे पोराला कशाला कळायला हवं, असं आबा पुटपुटले होते. त्या वेळी माझ्या अंगावरून लेथचं कापायचं टूल फिरत होतं.

रविराजला यंत्रांचं वेड बापाकडून आलं होतं, उतावळेपणा मात्र त्याचा स्वतःचा. त्याने बारामतीच्या एका डॉक्टरांची वीस वर्षं वापरलेली लाल मोटार घरी आणली आणि पुण्याच्या भंगार बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचा सुपरचार्जर. शेडच्या मागे वर्षभर खटपट करून त्याने तो इंजिनाला जोडला. मोटार सुरू झाली, गुरगुरली, आणि रस्त्यावर जोर लावला की पट्टा किंचाळत घसरायचा.

त्याने आधी एका जुन्या गाडीची प्लास्टिकची आयडलर बसवली. ती बिचारी इतकी बारकी, की तिला फिरता फिरता धाप लागायची. आठवड्यात तिचं बेअरिंग जळालं. मग त्याने पहार लावून पट्टा इतका ताणला, की बोटाने दाबला तरी दबेना. घसरणं थोडं कमी झालं, पण सुपरचार्जरच्या आतून घरघर येऊ लागली. आबा लेथपाशी उभे राहून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी हात पुसले, खिळ्यावरची टकळी काढली आणि तिचं सूत सोडवत मोटारीपाशी आले.

"आवळून कुनी धरत न्हाय, रवी," ते म्हणाले. "वेढा वाढीव."

त्यांनी पट्टा काढायला लावला आणि त्याच्या वाटेने लोकरीचा धागा फिरवला. सुपरचार्जरच्या छोट्या पुलीला धागा कुठे टेकतो आणि कुठे सुटतो तिथे दोन गाठी मारल्या. मग धागा सरळ करून दाखवला. पट्टा त्या पुलीला अर्ध्यानेही वेढत नव्हता. आबा म्हणाले, टकळीला सूत अर्ध्या वेढ्यावर कधी धरलंय का? मग त्यांनी धागा पुन्हा लावला आणि पट्ट्याच्या सैल बाजूला, छोट्या पुलीच्या अगदी जवळ, बाहेरून अंगठा दाबला. धागा आत वळला आणि पुलीला पाऊणभर बिलगला.

मित्रांनो, ती अंगठ्याची जागा म्हणजे माझी जागा.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला घडवायला घेतलं. लहान केली तर पट्ट्याची पाठ मोडते आणि पट्टा तापतो, फार मोठी केली तर बसायला जागा नाही, म्हणून बरोबर ऐंशी मिलिमीटर. पट्ट्याच्या पाठीला लागायचं, म्हणून अंग गुळगुळीत, खाचा नाहीत. पोटात दोन्ही बाजूंनी झाकलेलं बेअरिंग, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून पुढच्या बाजूला एक बारीक खाच पाडून तिच्यात लोखंडाची कडी. ही खाच तेवढी लक्षात ठेवा. शेवटचा हात फिरवून झाल्यावर आबांनी मला बोटावर फिरवलं आणि कानाशी नेलं. मी काहीच आवाज केला नाही. आबांना तेच हवं होतं.

त्या संध्याकाळी रविराज मोटार घेऊन कालव्याच्या कडेने लांब जाऊन आला. काचेमागचा हवेच्या दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. खाली उतरून तो एवढंच म्हणाला, "आबा, घसरत न्हाय." आबा पुन्हा लेथकडे वळले. पाठमोरे असले तरी ते हसत होते, हे मला सहज कळलं. माझ्या आयुष्यातले ते पंचवीस दिवस फार सुखाचे होते.

मग तो रविवार आला.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एक नवा सरळ रस्ता तयार झाला होता, अजून वाहतूक सुरू व्हायची होती. तिथे परवानगी घेऊन मोटारींच्या धावण्याची चाचणी ठेवली होती. एकेक मोटार एकटीने पळणार आणि तिची वेळ घड्याळावर लागणार. पुण्याहून शर्यतीच्या गाड्या बांधणारे एक साहेब आले होते. रविराजची मोटार त्यांनी फोनवर पाहिली होती. अठरा सेकंदांच्या आत धावलास तर माझ्याकडे कामाला ये, असं त्यांनी सांगितलं होतं. घराजवळ कालव्याच्या कडेला मोटार तेवढंच अंतर सतरा सेकंदांच्या आसपास कापत होती. त्या कामाशिवाय रविराजच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर घेतो म्हणून बोलावणं आलं होतं, ते त्याने परत पाठवलं होतं.

ऊन तापलं होतं. इंजिन गार राहावं म्हणून रविराजने बॉनेट उघडं ठेवलं आणि नाव सांगायला तो टेबलाकडे गेला. आबा पाण्याची बाटली आणायला गेले. मोटारीपाशी बानूबाई एकटीच होती. तिने कमरेची पिशवी सोडली.

मोटारीच्या टपावर, चाकांवर ती एरवीही भंडारा टाकायची. पण त्या दिवशी समोर बॉनेट उघडं होतं. मेंढराच्या कपाळावर टाकतात, तर मोटारीचा जीव जिथे आहे तिथे टाकावा असं तिला वाटलं असणार. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," ती हळूच म्हणाली आणि तिने दोन मुठी हळद थेट इंजिनावर उधळली. ती माझ्यावर पडली, छोट्या पुलीवर पडली, पट्ट्याच्या आतल्या बारीक धारांत बसली. कॅरम बोर्डवर पावडर टाकल्यावर सोंगटी कशी सुटते ते तुम्हांला माहीत आहे. पट्ट्याचंही तसंच होतं. मला ते त्याच क्षणी जाणवलं आणि मला बोलता आलं नाही.

आबा आले. त्यांनी पाहिलं. बाटली खाली ठेवून त्यांनी सदऱ्याच्या बाहीने माझं अंग पुसलं, मग पट्ट्याकडे हात नेला. तेवढ्यात रविराजच्या नावाचा पुकारा झाला आणि तो पळतच आला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बानूबाईकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, जणू सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी जे राहून गेलं ते आज तिने पुरं केलं होतं.

आबांनी तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांची लेक आहे तरी हे म्हणणार. दोन मिनिटं थांब, पट्टा पुसू दे, एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे बानूबाईच्या देखत, सगळ्यांच्या देखत, तुझ्या भंडाऱ्याने घात होईल असं म्हणायचं. वाऱ्याने उडून जाईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. त्यांनी बॉनेट लावलं.

मोटार सुटली. पहिल्या गिअरमध्ये सगळं ठीक होतं. दुसऱ्यात रविराजने जोर लावला आणि पट्टा माझ्या अंगाखाली थरथरला. मी जीव खाऊन त्याला दाबून धरलं. वेढा पुरेसा होता, ताण पुरेसा होता, पण त्याच्या धारांना पकडायला काही उरलंच नव्हतं. तो किंचाळला. हा आवाज लांब उभ्या असलेल्या लोकांनीही ऐकला. काटा शून्यावर आला आणि उरलेला रस्ता मोटार कशीबशी पार करून गेली. घड्याळावर वेळ लागली साडेबावीस सेकंद.

रविराज मोटार उभी करून घड्याळवाल्याकडे धावला. काहीतरी चूक झाली असेल, पुन्हा एकदा धावू द्या, म्हणून विनवू लागला. तेवढ्या वेळात आबांनी बॉनेट उघडलं, चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि सगळं पुसून काढलं. छोटी पुली पुसली, पट्टा आतून पुसला, मला पुसलं. बानूबाईने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा, काही नाही, तेल उडालंय, असं ते म्हणाले.

रविराज आला तेव्हा बॉनेटखाली हळदीचा कणही दिसत नव्हता. दिसत होता तो घासून काचेसारखा चकचकीत झालेला पट्टा. त्याने तो हातात धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मागे साहेब येऊन उभे होते. आणखी चारजण होते.

"विकतची पुली आनू म्हनत हुतो मी," रविराज म्हणाला. "ही काय कुट्टीची मशीन हाय व्हय, आबा? दोऱ्यानं मापं घेऊन माझं वाटुळं केलं तुमी."

आबांनी चिंधी मुठीत घट्ट धरली.

"माप चुकलं माझं," ते म्हणाले.

मित्रांनो, ज्या माणसाने आयुष्यात केसभर माप चुकवलं नाही, त्याच्या तोंडून हे शब्द निघायला काय लागलं असेल ते मी जवळून पाहिलं. बानूबाई बाजूलाच उभी होती. तिचे दोन्ही तळवे पिवळेधमक होते. पण रविराजची नजर तिकडे गेली नाही. आईचे हात त्याने जन्मापासून पिवळेच पाहिले होते.

साहेब काही वाईट बोलले नाहीत. बघू पुढे, म्हणाले आणि गाडीत बसून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

त्याच आठवड्यात रविराजने मला काढून टाकलं. नवा पट्टा आणला, विकतची काळी आयडलर आणली, आबांनी दाखवलेल्या जागीच बसवली, आणि पट्टा घसरला नाही. कसा घसरेल? नव्या पट्ट्यावर हळद कुठे होती? पण रविराजला वाटलं, दोष पुलीचाच होता हे सिद्ध झालं. तो बापाला पुन्हा काही बोलला नाही, आणि हे न बोलणंच वाढत गेलं. वर्षभरात त्याने मोटार अकलूजच्या एका माणसाला विकली आणि लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. सकाळी निघताना बानूबाई भंडारा टाकायची तेव्हा तो मोटरसायकल चालूच ठेवायचा आणि मान बाजूला करायचा. चिमूट अर्धी रस्त्यावर पडायची.

आळ माझ्यावर होता तोवर मला त्याचं फार वाटलं नाही. पण तो पसरला. कुणी गिऱ्हाईक शेडमध्ये येऊन सहज विचारायचं, आबा, पोराच्या गाडीचं माप चुकलं म्हणं? आबा मान हलवायचे. हळूहळू लोक मोठी कामं वालचंदनगरला न्यायला लागले. एक दिवस आबांनी, नजर कमी झाली म्हणून लेथवर गोणपाट टाकलं. त्यांची नजर चांगली होती. सुईत दोरा ते पहिल्या फटक्यात ओवायचे.

मला त्यांनी भंगाराच्या डब्यातून उचलून आणलं होतं. पाहुण्यांच्या वाड्यावर मेंढरांची कातरण झाली की ते लोकर आणायचे आणि दारात बसून टकळीवर सूत कातायचे. कातलेलं सूत माझ्यावर गुंडाळायचे. पहिला वेढा गुंडाळताना त्यांचा अंगठा माझ्या पुढच्या खाचेवर थांबला. कडीच्या मागे, जिथे चिंधी पोचली नव्हती, तिथे पिवळी रेघ राहिली होती. त्यांनी ती पाहिली. काढली मात्र नाही. तिच्यावरून त्यांनी सूत घेतलं, आणि मग रोज थोडं थोडं घेत गेले. असं माझ्यावर काळं-पांढरं सूत चढत गेलं आणि मला दिसायचं बंद झालं. ऐकू येत होतं ते आबांचं पुटपुटणं, तेही आता फार कमी.

एकदाच ते माझ्याशी स्पष्ट बोलले. दुपार होती, घरात कुणी नव्हतं. म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हवतं, बाई. पर तिला कसं सांगू?"

गेल्या पावसाळ्याआधी आबांची छाती भरली. बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवस होते, नवव्या दिवशी घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात. मी त्या दिवशीही खिळ्याला टांगलेलीच होते. माझ्यावरचं सूत त्यांच्या हाताच्या घामाने अजून मऊ होतं. मला रडता येत असतं तर मी रडले असते, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

महिना झाल्यावर बानूबाईच्या मनात आलं, की हे सूत विणकराकडे देऊन रविराजसाठी एक घोंगडी करून घ्यावी. बापाच्या हाताची शेवटची वस्तू. तिने मला खिळ्यावरून काढून रविराजच्या हातात दिलं आणि सूत उकलून गुंडा कर म्हणाली. ते नुसतं सुताचं रीळ आहे, असंच तिला वाटत होतं. त्या दिवशी रविराजला सुट्टी होती. तो शेडच्या दारात बसून सूत उकलू लागला. वेढ्यामागून वेढा सुटत गेला. शेवटी माझं अंग उघडं पडलं आणि त्याचे हात थांबले.

त्याने मला ओळखलं. मग आत जाऊन त्याने लेथवरचं गोणपाट बाजूला केलं, खणातून आबांचं बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं आणि माझं माप घेतलं. ऐंशी. फिरवून दुसऱ्या बाजूने घेतलं. ऐंशी. त्याने मला बोटावर फिरवून कानाशी नेलं, अगदी आबांसारखं. मी काही आवाज केला नाही.

मग त्याला खाच दिसली. त्याने पेचकसाच्या टोकाने कडी काढली. तिच्या मागे तेलात मुरलेली, घट्ट झालेली पिवळी रेघ होती. ती त्याने नखाने उकरली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. चार वर्षांनीही तिला हळदीचा वास होता. कारखान्यात पट्ट्यावर पावडर सांडली की यंत्र बंद करून आधी पट्टा पुसायचा, हे आता त्याचं रोजचं काम होतं. पट्टा कशाने घसरतो ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. त्याला उघडं बॉनेट आठवलं असेल, आबांच्या मुठीतली चिंधी आठवली असेल. त्याने मला कपाळाला लावलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

आवाज ऐकून बानूबाई बाहेर आली. तिच्या हाताची बोटं नेहमीप्रमाणे पिवळी होती. रविराजने ती पाहिली. या वेळी त्याने ती नीट पाहिली.

"काय झालं रं?" तिने विचारलं. "काय हाय त्यात?"

रविराजने हळद लागलेली बोटं मुठीत मिटली. सगळं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं, आणि ते त्याने गिळलं. बाप चार वर्षं काय गिळून बसला होता हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"काय न्हाय, आये," तो म्हणाला. "आबांची पुली हाय. माप बरोबर हुतं त्यांचं. माझंच चुकलं हुतं."

बानूबाईला फारसं समजलं नाही. तिने पदराने त्याचे डोळे पुसले, गालावर थोडी हळद लागली.

त्यानंतर रविराजने कडी पुन्हा बसवली, पण खाच स्वच्छ केली नाही. मी आता लेथवरच्या फळीवर असते, गोणपाट काढून टाकलंय. रविवारी तो लेथ चालू करून गावातल्यांचे बुश करून देतो आणि कुणी आबांच्या मापाचा विषय काढला तर काम थांबवून सांगतो, की चूक माझी होती. सकाळी पाळीला निघताना आता तो मोटरसायकल बंद करतो, खाली उतरतो आणि आईसमोर डोकं वाकवून उभा राहतो. एकदा तिने विचारलं, गाडीवर टाकू का? तो म्हणाला, "टाक की. फकस्त साखळीवर नको, आये, माझ्या डोस्क्यावर टाक."

मित्रांनो, तुमच्या घरी काही बिघडलं तर पुलीला नावं ठेवण्याआधी पट्ट्यावरून एकदा बोट फिरवून बघा. आणि घरातलं कुणी "माझं चुकलं" असं फार लवकर म्हणालं, तर लगेच खरं मानू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याच्या मुठीत काय आहे ते विचारा. माझ्या आबांना तसं कुणी विचारलं नाही. रविराज आता रोज विचारतो, मला हातात घेऊन, पण उत्तर द्यायला मला तोंड नाही आणि आबा नाहीत.